दोन कॉलमांत न मावलेला शब्द

बहिणीला लहानपणापासून दमा. लग्न ठरवताना वडिलांनी "थंडीत जरा सर्दी होते" एवढेच सांगितले. मीही मान हलवली. सासरी नऊ वर्षे तिने दम्याचा पंप तांदळाच्या डब्यात लपवला.

नवव्या वर्षी दुष्काळ पडला, नळाला आठवड्याने पाणी यायचे. समोर नव्या इमारती उठत होत्या, धुळीवर मारायलाही पाणी नव्हते. श्वास अडकला की ती कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने गच्चीवर जायची.

तिची मुलगी आठ वर्षांची. वर्गात एका जागी बसत नसे, प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी लक्ष न टिकण्याचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या आणि विचारले, घरात कुणाला दमा आहे का? सासू शेजारीच बसली होती. बहीण नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, काही घरांत दोन्ही आजार दिसतात, मुळाशी कदाचित काही जनुके सारखी असतील, खात्री नाही.

बहिणीने मला हे काळजीने सांगितले. मी पेपरात काम करतो, मला त्यात बातमी दिसली. आरोग्य पुरवणीतल्या माझ्या मजकुरात 'कदाचित' चार वेळा होते. मथळ्याला जागा दोनच कॉलमांची होती. छापून आले: 'आईचा दमा, मुलांत चंचलपणा'.

लक्ष टिकावे म्हणून सासू नातीकडून रोज पेपर मोठ्याने वाचून घ्यायची. त्या सकाळी मुलीने मथळा न अडखळता वाचला आणि आजीने काही विचारण्याआधीच सांगून टाकले, "आईचा पंप तांदळात असतो."

मला बोलावणे आले. मेहुणे शेंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकतेच आले होते. ते बूट काढत राहिले. बोलली ती सासूच.

"पाव्हणं, आजारी लेक आमच्या गळ्यात बांधली. अन् पेपरात छापता बी तुम्हीच व्हय?"

बहिणीला माहेरी पाठवायचे ठरले. नात तिथेच राहणार होती. तिच्या गोळ्या बंद झाल्या. रक्तातलं गोळीनं जात नाय, असे सासूचे म्हणणे होते. पंप तिने पुरावा म्हणून ठेवून घेतला. निघताना मुलगी आईला विचारत होती, मी बरोबर वाचलं ना?

रिक्षा औरंगपुऱ्यात नव्या पंपासाठी थांबवली. औषध ओढून झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, मथळ्यात 'कदाचित' बसत नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरे होते. मी अक्षरे मोजली होती.