आबा हायेत का घरात?

यशवंत गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला तेव्हा मी गोठ्यात होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली बिचारी. मी तसाच गव्हाणीच्या काठावर बसलो. समोर म्हैस रवंथ करत उभी. दोनच महिन्यांपूर्वी तिचं आडवं आलेलं रेडकू यशवंतानं सोडवलं होतं, पंच्याहत्तरी उलटलेली असताना, खांद्यापर्यंत बाह्या सारून. मुलं म्हणत होती, सरकारी डॉक्टर बोलवू. मी म्हटलं, गप बसा, यशवंताला येऊ द्या.

भीमाकाठच्या आमच्या पंचक्रोशीत तो गुरांचा डॉक्टर. आधी सायकलवर यायचा, मग फटफटीवर, शेवटी नातवाच्या स्कूटरवर मागं बसून. आला की फाटकाची कडी वाजवून एकच प्रश्न, "आबा हायेत का घरात?" आबा म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. ते जाऊन कैक वर्षं झाली तरी याचा प्रश्न तोच. माझी बायको हसायची, "अवो डॉक्टर भावजी, आबांच्या तेराव्याला जेवून गेलात की तुम्ही!" तो म्हणायचा, "इचारावं वैनी. पाटलाचं घर हाय." ती पुन्हा हसायची. मी मात्र खाली मान घालून दाव्याची गाठ सोडत बसायचो. का, ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज सांगतो... आता लपवायचं तरी कुणापासून!

शिरूरच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर होतो. त्याचे वडील ज्ञानबा. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडं. धर्मांतर झालं त्या साली ज्ञानबांनी दीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीत सोडले आणि चावडीवर येऊन सांगितलं, "उद्यापास्नं मेलेलं ढोर ज्याचं त्यानं ओढावं." आमचाच बैल त्या आठवड्यात मेला. आबांना ते काम गड्यांकडून करून घ्यावं लागलं आणि तो राग त्यांच्या मनात ठाण मांडून बसला.

पुढं आम्ही दोघंही पुण्याला कॉलेजात गेलो. इंटरला मी सपशेल आपटलो. यशवंता पास झाला आणि मुंबईच्या गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात राखीव जागेसाठी अर्ज करायचं त्यानं ठरवलं. जागेला जातीचा दाखला हवा. मामलेदार कचेरी दाखला द्यायची, पण आधी गावच्या पाटलाचं सहीचं पत्र मागायची. आणि त्या वेळी सवलत होती ती जुन्या जातीच्या नावाला. बौद्ध असं लिहिलं की संपलं. थोड्याच वर्षांत आपल्या राज्यात बौद्धांनाही सवलत मिळाली, पण यशवंताच्या वेळी ती नव्हती.

आबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून गावची पत्रं मी लिहायचो, ते फक्त सही करायचे. सोमवारी सकाळी यशवंता दारात आला. "आबा हायेत का घरात?" आबा परसात दात घासत होते. आणि मी म्हणालो, "न्हाईत. शिरूरला गेल्यात."

असं का बोललो? जळलो, दुसरं काय! मी नापास होऊन बैलांमागं फिरणार आणि हा डॉक्टर होणार? याच्यासाठी जागा राखून ठेवलेली, मग माझ्यासाठी कोण ठेवणार? माझ्यासाठी पंचवीस एकर राखून ठेवली होती, चावडीतली बैठक राखून ठेवली होती, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलंच नाही. मंगळवारी तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच सांगितलं. शनिवारी मुंबईला अर्ज घ्यायचं बंद होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी तो ज्ञानबांना घेऊन आला आणि आबा ओसरीवरच सापडले. आबांनी पानाचा डबा बाजूला सारला. "काय रं ज्ञानबा, तवा चावडीवर गरजला हुतास, आमी आता ते न्हाई म्हणून. मंग आता कुठली जात लिहू? सांग की तुझ्या तोंडानं."

ज्ञानबा अंगणात उभे. एका शब्दावर पोराचा जन्म अडलेला आणि तोच शब्द त्यांनी जिवाच्या करारानं टाकलेला... यशवंता पुढं झाला. म्हणाला, "आबा, ज्या नावानं गावानं आमास्नी वेशीभाईर ठिवलं, त्याच नावानं आता आत जायाचं हाय. आमच्या बाला इचारू नगा. तुमी लिहा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी लिहिलं. जातीच्या जागी 'महार'. आबांनी सही केली. ज्ञानबा तोवर फाटकाबाहेर गेले होते.

दाखला शुक्रवारी मिळाला. यशवंता तसाच दौंडला गेला, गाडी धरली, आणि शनिवारी खिडकी बंद व्हायच्या आत अर्ज दिला. जागा मिळाली. पण ज्ञानबा पोराशी बोलेनात. जायच्या दिवशी मात्र त्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन दौंड स्टेशनापर्यंत आले. मीही गेलो होतो, अपराधी मन घरी बसू देईना. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ज्ञानबा महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले, "आमी मेलेली वढली. तू जित्ती उठीव." बस्स. यशवंता खिडकीत ढसाढसा रडला. मी तोंड फिरवून इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांकडं बघत राहिलो.

तो शिकला आणि इथंच परत आला. आमच्या गोठ्यातली किती जनावरं त्यानं उठवली, मोजदाद नाही. आणि दर खेपेला कडी वाजवून तोच प्रश्न.

त्या रेडकाच्या दिवशी हात धुऊन आम्ही ओसरीवर चहा पीत बसलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "यशवंता, त्या सोमवारी आबा घरातच हुते रं."

"ठावं हाय," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "परसात खोकत हुते. मंगळवारी बी."

"मंग बोलला का न्हाईस? येवढी वर्सं?"

"रोज तर इचारत हुतो, गड्या. तू कवा खरं सांगतूस, त्याचीच वाट बघत हुतो." असं म्हणून तो हसला. चहा संपवला, रेडकाच्या पाठीवर थाप मारली आणि नातवाच्या मागं बसून गेला. ती शेवटची भेट.

आता फाटकाची कडी वाजते ती दूधवाल्याच्या हातानं, कधी नुसत्या वाऱ्यानं. मी बसल्या जागेवरून मोठ्यानं ओरडतो, "हायेत, हायेत घरात! ये..."