दुसरा गडी

इथे आखातात, हमद टाउनच्या गेम पार्लरमध्ये, दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी आणि माझी मुलगी शेजारी उभं राहून एकाच स्क्रीनवर गुंडांना बडवायचो. मग तोच गेम मी घरच्या मशीनसाठी विकत आणला. म्हटलं, आता सुट्टीला निवांत झोपता येईल. तिने तो लावून पाहिला आणि नेहमीसारखी इंग्रजीतच कुरकुरली, यात दोघांना एकत्र खेळता येत नाही, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर येतं. तुबलीच्या गॅरेजमधली शिफ्ट संपवून आलेला मी खेकसलो, "गेम तोच आहे ना? मग एकटी खेळ. खलास!" तिचा दुसरा गडी मीच होतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. त्यानंतर शुक्रवारी मी झोपायचो, आणि माझी झोप मोडू नये म्हणून ती टीव्हीचा आवाज बंद करून एकटीच खेळायची.