राहून गेलेला छज्जा

आमच्या स्वयंपाकघराला वेळापत्रक होतं. सकाळी सहा ते सात आम्ही, सात ते आठ ते. दुपारी साडेबारा ते दीड आम्ही, त्यानंतर ते. संध्याकाळी उलटं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता आणि मीच तो पट्टीने रेघा मारून, सुबक अक्षरात तयार केला होता. मी ड्राफ्ट्समन. दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत इमारतींचे नकाशे काढायचो. त्यामुळे घरातलं कुठलंही काम आधी कागदावर आखायचं आणि कागदावर आलं म्हणजे झालंच असं समजायचं, ही माझी सवय. बायकोचं माझ्याबद्दलचं मुख्य गाऱ्हाणं हेच होतं.

‘ते’ म्हणजे आमच्याच फ्लॅटच्या दुसऱ्या खोलीत राहणारं राजस्थानी जोडपं. अल सद्दमधला जुना फ्लॅट, एका खोलीत ते, एका खोलीत आम्ही, स्वयंपाकघर दोघांत एक. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमचं लग्न नवं होतं आणि दोह्यात आमच्यासारखे बरेच जण असेच राहत. माणसं फार चांगली. हिला ताप आला तेव्हा भाभींनी तीन दिवस खिचडी करून दिली होती. फक्त ते शुद्ध शाकाहारी होते, आणि आम्ही वसईचे ख्रिस्ती.

हिने पहिल्याच आठवड्यात सुके बोंबील तव्यावर टाकले. भाभींनी आपल्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं आणि थोड्या वेळाने दाराखालून उदबत्तीचा वास यायला लागला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, ही उलट भांडली असती आणि मोकळी झाली असती. त्या उदबत्तीपुढे मात्र तिचं काही चालेना. दुसऱ्या दिवशी बोंबलांचा डबा बॅगेत गेला आणि बॅग पलंगाखाली.

“मी लग्न करून आले की चोरी करून?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, थोडे दिवस काढ. खोली स्वस्तात मिळाली होती आणि मला वसईत घर बांधायचं होतं. वडिलांनी जमिनीचा तुकडा दिला होता. दोह्यात हात आखडून राहायचं आणि तिथे आपल्या मनासारखं घर उभं करायचं, असा माझा साधा हिशेब.

थोडे दिवस म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांत आमचं खरं घर म्हणजे आमची गाडी होती. तिसऱ्या हाताची, पांढरी, डावीकडचं मागचं दार आतून न उघडणारी. ही एका क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त तपासायची आणि तिची ड्यूटी सकाळ-संध्याकाळ अशी तुटक असायची. मी ऑफिसात. दोघांना एकत्र मोकळा मिळायचा तो शुक्रवार. तेव्हा दोह्यात चर्च उभं राहायचं होतं, शुक्रवारी एका हॉलमध्ये मिस्सा व्हायची. मिस्सा आटोपली की आम्ही इराणी बेकरीवर जायचो. भट्टीच्या भिंतीवरून काढलेली गरम खबूस रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची, तव्यापेक्षा मोठी. ती हिच्या मांडीवर, आणि हिच्या पर्समध्ये स्टीलची छोटी डबी. डबीत जवळ्याची चटणी.

चटणी कधी आणि कशी व्हायची हे मला पुरतं माहीत आहे. राजस्थानी मंडळी भाजी आणायला गेली की खिडकी उघडून, पंखा लावून, पंधरा मिनिटांत. आम्ही दोघेही नोकरदार, कायद्याने राहणारी माणसं, आणि चटणी करताना मी जिन्यात पहाऱ्याला उभा.

कॉर्निशला, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, काचा खाली करायच्या, खबूस फाडायची आणि त्यावर चटणी पसरायची. येताना चहाच्या दुकानासमोर थांबायचं. तिथे उतरायची पद्धत नाही. हॉर्न द्यायचा, मग पांढऱ्या दाढीचे केरळी चाचा बाहेर येऊन बोटांनीच विचारायचे, किती? आम्ही दोन बोटं दाखवायची. कडक, वेलची घातलेला, दाट दुधाचा करक. मी पुढे मोठमोठ्या हॉटेलांत जेवलो आहे, पण खबूस, जवळा आणि करक या जेवणाच्या जवळपास जाणारं काही अजून माझ्या पानात पडलेलं नाही. हे मी तेव्हाही म्हणायचो. ही म्हणायची, “फुकटात खूश होणारा नवरा मिळालाय मला.”

पोट भरलं की मी मागच्या सीटवरून नकाशाची गुंडाळी काढायचो. आमच्या घराचा नकाशा. ऑफिसातल्या रद्दी प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तो काढायचो आणि ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक बदलाला रिव्हिजन नंबर द्यायचो. रिव्हिजन ए मध्ये दोन खोल्या होत्या. बी मध्ये ओटी आली. सी मध्ये जिना बाहेरून आत आला. जिथे बदल केला तिथे ढगासारखी नागमोडी रेघ काढायची असते, तीही मी काढायचो. ही बोट ठेवून विचारायची, “हे काय?” मी सांगायचो. हळूहळू तिला नकाशा वाचता यायला लागला.

तिचं बोट नेहमी एकाच ठिकाणी यायचं. स्वयंपाकघर. ओट्यावर खिडकी हवी, खिडकीतून बाहेर केळी दिसायला हवीत, आणि दार बंद करता यायला हवं. “कोणाला न विचारता बोंबील तळीन,” ती म्हणायची. “आणि कालवण रात्रभर ओट्यावर तसंच ठेवीन. सकाळी शिळं खाईन. वेळापत्रक नाही.” हे स्वप्न ती इतक्या मन लावून सांगायची की मला वाटायचं, सांगण्यातच तिचं निम्मं समाधान होतंय. चूक माझी. मी माझ्यावरून तिला ओळखत होतो.

चौथ्या वर्षी डिसेंबरात सुट्टीवर गेलो तेव्हा रिव्हिजन एफ पक्की झाली होती. ती मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नीट काढून, मोठ्या कागदावर प्रिंट करून नेली. सासऱ्यांच्या घरी जेवणं झाल्यावर ओटीवर पसरली. चार कोपऱ्यांवर सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, चार जुड्या ठेवल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. सासरे केळीच्या बागेत आयुष्य काढलेले. नकाशा त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मी उभ्या भिंतीचं चित्र दाखवलं, खिडक्या दाखवल्या, वरची सपाट गच्ची दाखवली.

“सगला बेस हाय,” ते म्हणाले. “पन पावसाचा पानी कुठं जानार?”

मी बघितलं. मग पुन्हा बघितलं. खिडक्यांवर छज्जे नव्हते. एकाही खिडकीवर नव्हता. गच्चीला उतार नव्हता, पन्हळ नव्हती, ओटीवर पुढे काढलेलं छप्पर नव्हतं. भिंतीच्या रेघेला चिकटून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एसीसाठी चौकोनी भोक होतं. कसं झालं ते मला लगेच कळलं. आमच्या ऑफिसात खिडकीचा तपशील एकदा काढून ठेवलेला असतो आणि प्रत्येक इमारतीला तोच उचलून लावतात. मीही बोट न थांबवता तोच उचलला होता. वसईत, जिथे चार महिने पाणी आडवं मारतं, तिथे मी पाऊसच नसलेलं घर काढलं होतं. आणि ए पासून एफ पर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ओटीवर हशा झाला. मेव्हणा म्हणाला, जावई अरब झाले. मीही हसलो, दुसरं करणार काय? ही हसली नाही. ती एसीच्या भोकाकडे बघत होती.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे कॉर्निशला बसलो. खबूस होती, पण डबी तिने काढली नव्हती. मी म्हटलं, जी मध्ये छज्जे टाकतो, दोन दिवसांचं काम आहे.

“जी काढू नकोस,” ती म्हणाली. “मी मार्चमध्ये जाते.”

“कुठे?”

“आईकडे. तिथे चूल तरी आहे. तुझं घर होईल तेव्हा होईल, मी तिथेच राहते. तू ये सुट्टीत.”

आवाज चढलेला नव्हता. ती भांडली की मला भीती वाटत नाही, ती अशी सांगून मोकळी झाली की वाटते. मी काहीतरी सारवासारव केली. ती समुद्राकडे बघत म्हणाली, “चार वर्षांत तू पाऊस विसरलास. आणखी चार वर्षांनी तुझ्या नकाशात स्वयंपाकघर तरी असेल की नाही कोण जाणे. मला कागदावर राहायचा कंटाळा आलाय रे.”

त्या दिवशी आम्ही करक न घेता परत आलो.

पुढचा आठवडाभर मी ऑफिसात जे काम करत होतो तेही सांगायला हवं. शहराबाहेर कामगारांचा कॅम्प होणार होता, त्याचा नकाशा. लांबलचक रांगेत खोल्या आणि टोकाला सर्वांचं मिळून एक स्वयंपाकघर. त्यात राहणार होते आपल्याकडचेच सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. त्यांच्या चुलींच्या जागा मी मोजून मोजून आखत होतो आणि पहिल्यांदा माझा हात थांबला. मी पण बायको गावाला ठेवून एकटा राहायला निघालो होतो, आणि तेही आपल्या हाताने, चांगलं घर बांधण्यासाठी. ती नसलेल्या गाडीत शुक्रवारी एकट्याने खबूस फाडायची हा विचार केला आणि मी हातातली पट्टी खाली ठेवली. मला ती हवी होती. घर नंतर.

ऑफिसातला एक इजिप्शियन इंजिनिअर नोकरी सोडून देशी परत चालला होता. अल सद्दमध्येच त्याचा फ्लॅट होता, एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर, तिसऱ्या मजल्यावर. मी दुपारच्या सुट्टीत टेप घेऊन गेलो. तो गमतीने बघत राहिला, कारण खोली न बघता मी थेट स्वयंपाकघर मोजायला लागलो. पावणेसात फूट बाय साडेआठ. ओट्यावर खिडकी होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी आणि एक खजुराचं झाड दिसत होतं. दार होतं. दाराला कडी होती. “खलास?” त्याने अरबीत विचारलं, म्हणजे ठरलं ना? मी म्हटलं, खलास. भाडं ऐकून वसईचं घर पाच-सहा वर्षं तरी लांब गेलं हे मला कळत होतं, पण मी त्याच दिवशी घरमालकाच्या माणसाकडे जाऊन सही केली. कागदावर न आखता केलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम.

आखलं ते नंतर. शुक्रवारी कॉर्निशला मी गुंडाळी काढली तेव्हा तिने तोंड फिरवलं. “सांगितलं ना, जी नको.”

“जी नाहीये. वाच.”

ती नकाशा वाचणारी बाई. एका नजरेत तिने ओटा बघितला, सिंक बघितलं, खिडकी बघितली. मग खालच्या कोपऱ्यातली चौकट बघितली. तिथे रिव्हिजनच्या जागी मी ‘अ‍ॅज-बिल्ट’ असं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात जे बांधायचं आहे त्याचे नकाशे शंभर निघतात, पण जे खरोखर उभं आहे ते मोजून काढलेला नकाशा म्हणजे अ‍ॅज-बिल्ट. चार वर्षं माझी बडबड ऐकून तिला तो शब्द माहीत होता.

“कुठे आहे?” तिने विचारलं.

मी चावी खबूसवर ठेवली. तिने पर्समधून डबी काढली, म्हणजे ती आणलेली होती, आणि माझ्यासाठी पहिला घास तिने केला. निम्मी चटणी माझ्या पॅंटवर सांडली.

राजस्थानी जोडप्याने आम्हाला निरोपाला लापशी करून घातली. भाभी रडल्या. नव्या घरात पहिल्या दिवशी हिने दार सताड उघडं ठेवून बोंबील तळले. ए पासून एफ पर्यंतचे माझे सगळे नकाशे तिने कापून ओट्याखालच्या खणांत अंथरले, मसाल्याच्या डब्यांखाली. मला जरा लागलं. “चांगला जाड कागद आहे,” ती म्हणाली.

पुढच्या डिसेंबरात एका दुपारी दोह्यात पाऊस आला. वर्षाकाठी येतो तसा, एकदम आणि धो धो. रस्त्यावर गाड्या अडकल्या, मी कसाबसा घरी पोचलो. स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या फटीतून पाण्याची धार भिंतीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खणांत चालली होती. बाहेरून खिडकीवर काहीच नव्हतं, अर्थात. मी गुडघ्यांवर बसून खणांतले भिजलेले नकाशे बाहेर काढायला लागलो. मिरचीपूड लागून ते लाल झाले होते. “छज्जाच नाही,” मी म्हटलं. “मी मोजायला आलो तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही बघ. मालकाला सांगतो. सील मारून घेऊ. चुकलंच माझं.”

ती शेगडीपाशी उभी होती. तिने तवा हातभर बाजूला ओढला, धारेखाली पातेलं लावलं आणि बोंबील उलटले.

“गळू दे,” ती म्हणाली. “आपलंच आहे.”