पूररेषेच्या आत

आमचं घराणं मोशीचं. मी पावसाचा अभ्यास करते. शहराचा हवामान आराखडा आमच्या संस्थेकडे आला, तेव्हा इंद्रायणीकाठचा पट्टा माझ्या वाट्याला आला. थोड्या तासांत जास्त पाऊस कोसळणार, नदी पूर्वीपेक्षा आत शिरणार, हे आकडे स्वच्छ सांगत होते. मी लिहिलं, ‘या पट्ट्यात बांधकाम करू नये.’

बैठकीत महापालिकेचे साहेब म्हणाले, “मॅडम, सगळं बरोबर आहे. फक्त ‘शक्यतो’ घाला. ‘शक्यतो करू नये.’”

मी भांडले. माझ्या वरिष्ठांनी मान डोलावली आणि शब्द बसला.

तोच आराखडा मांडायला मला परदेशी हवामान परिषदेला पाठवलं. तिथे देशोदेशीचे प्रतिनिधी कोळसा बंद करण्याबद्दलच्या एका वाक्यावर दुपारभर हुज्जत घालत होते. शेवटी त्यातही ‘शक्य तिथे’ घुसलं आणि टाळ्या पडल्या. आमच्या आराखड्याचंही कौतुक झालं.

परतले, तर चुलत्यांनी नदीकाठच्या वावरात भराव टाकून खोल्या बांधायला काढलेल्या.

“तात्या, हे पाण्यात जाईल.”

“पोरी, तुमच्याच आराखड्यात लिवलंय न्हवं, शक्यतो?” ते हसले. “आमाला न्हाई शक्य.”

पुढच्या पावसाळ्यात नदी तळमजल्यात शिरली. तिथे लातूरकडचं जोडपं भाड्यानं राहायचं. नवरा चाकणच्या कंपनीत शिफ्टला गेलेला, बाई सात महिन्यांची गरोदर. शेजाऱ्यांनी दोर लावून तिला बाहेर काढलं. मी तिला घरी आणलं, कोरडी साडी दिली. चहाचा कप हातात तसाच धरून तिनं विचारलं,

“ताई, तुम्ही पाण्यापावसाचंच काम करता म्हणं. तुम्हाला ठाव नव्हतं का?”

“होतं.”

“मग सांगितलं न्हाई कुणाला?”

“सगळ्यांना सांगितलं.”

खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मला राग आला. कुणाचा, ते तिला सांगता येईना. नवरा आल्यावर दोघं भिजलेलं सामान टाकून गावी निघून गेली.

चुलत्यांनी भिंतींना रंग दिला. दिवाळीआधी खोल्या पुन्हा भरल्या. नव्या भाडेकरूला मी पुराचं सांगितलं, तर तो म्हणाला, “इथून कंपनीची बस जवळ पडते, मॅडम.”

मग पुढच्या परिषदेचं बोलावणं आलं, आमच्या शहराची यशकथा सांगायला. मी नकार कळवला. माझ्या जागी दुसरं कुणी गेलं. फार छान बोललं म्हणे.