मॅडमच्या टेबलावरचा मटार

आमच्या अंबरनाथच्या इंजिनिअरिंग कॉलेजात टीममधले वाद कसे मिटवायचे हे मी शिकवतो, आणि मुलांचं भांडण झालं की ती जातात शेजारच्या केबिनमधल्या मॅडमकडे. हे मला अजिबात सहन होत नाही.

मॅडम येताना बाजारातून मटार आणतात आणि मोकळ्या वेळात सोलत बसतात. भांडून आलेल्या मुलांपुढेही चार शेंगा सरकवतात.

"मॅडम, हा नुसता पीपीटी बनवतो, पूरा कोडिंग मैंने किया!"

"बरं. आता त्याची बाजू तू सांग."

मुलगा अडखळत सांगायला लागतो आणि निम्म्यातच त्याचा आवाज खाली येतो. माझ्या स्लाइड्सनी हे कधी झालं नाही.

शनिवारी लॅब कुणी वापरायची यावरून परवा माझं आणि मॅडमचंच वाजलं. मी तावातावाने बोलत होतो. त्यांनी शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

"थांबा सर, तुमची बाजू मी सांगते. लॅबचं निमित्त आहे. शिकवता तुम्ही आणि मुलं येतात माझ्याकडे. मलाही राग आला असता. आता माझी बाजू सांगा."

"तुम्हाला शनिवारी लॅब हवीय," मी म्हणालो. का हवीय, ते मला सांगता येईना. त्यांनी आणखी चार शेंगा सरकवल्या, आणि या विषयाचा शिक्षक असलेला मी मान खाली घालून मटार सोलत राहिलो.