लवकर सरांचा आवाज

आमचे सर पोहेसुद्धा उभ्यानं खायचे. बसलं की वेळ जातो म्हणे. राजापेठेत त्यांची फिजिक्सची शिकवणी होती. आम्ही पोट्टे त्यांना लवकर सर म्हणायचो, कारण दर तिसऱ्या वाक्याला नाकातून ‘लवकर, लवकर’ यायचं. खरं नाव फक्त पाटीवर.

घाईचं मूळ मागच्या खोलीत होतं. तिथला कॉम्प्युटर कधीच बंद नसायचा. लांब आकाशात कुठं तारा फुटला की त्याचे गॅमा किरण उपग्रहाला दिसतात, तेही काही सेकंदच. उपग्रहाची माहिती आली की सरांनी लिहिलेला प्रोग्राम आपोआप कामाला लागायचा. हा खरा स्फोट, की आपल्या सूर्याचाच चाळा? खरा असला तर कोणत्या दिशेला? अर्ध्या मिनिटात दुर्बीणवाल्या दहा-बारा दोस्तांच्या फोनवर निरोप जायचा.

"मांगून जो उजेड राह्यते ना, तो विझत जाते," सर म्हणायचे. "विचार करत बसलं तं अंधार पाहा मंग."

एकदा प्रोग्रामनं सूर्याचा भडकाच तारा म्हणून कळवला. सरांनी सगळ्यांना स्वतः फोन लावून माफी मागितली. "चूकही लवकर सांगा लागते," म्हणाले.

मी बार्शीटाकळीचा. नकला सोडून कशातच मला चांगले मार्क नव्हते. एका दुपारी फळ्यापुढं उभा राहून सरांची नक्कल करत होतो. "लवकर, लवकर, तारा काय तुमचा जावई हाय, थांबाले?" हसणारे पोट्टे एकदम चूप झाले. दारात सर.

"नाक कमी पडून राह्यलं," ते म्हणाले. मग मला मागच्या खोलीत नेलं आणि माइक पुढं केला. "बोल, फुटला रे फुटला, लवकर पाहा. निरोपासोबत हेच वाजवू."

"सर, आवाज तुमचाच हाय, तुमीच बोला ना."

"मी बोललो तं लोकं घाबरतात. तू बोलला तं हासतीन. हासत का होईना, फोन तं पाह्यतीन." मी बोललो. रेकॉर्डिंग ऐकून म्हणाले, "जमलं. खोकला राह्यला फक्त."

वाक्य संपलं की सर बारीक खोकायचे. मी म्हटलं, पुढच्या वेळी टाकू.

दिवाळीनंतर सर अकोल्याच्या दवाखान्यात भरती झाले. मी भेटायला जाणारच होतो, येत्या रविवारी. सर शुक्रवारीच गेले.

महिन्यानं सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. सरांचे फोटो होते, वह्या होत्या, आवाज मात्र कुठंच नव्हता. "तुह्याजवळ हाय म्हणतात ना रे त्याइचा आवाज? पाठव ना, बापू."

"काकू, माही नक्कल हाय ते."

"पाठव तं."

पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा पुन्हा फोन. "चांगला हाय रे," म्हणाल्या. मग, "खोकला नाई ना पण यात."

प्रोग्राम अजून चालतो, सरांचा एक जुना विद्यार्थी सांभाळतो, निरोप मलाही येतात. परवा परतवाड्याच्या बसमध्ये माझा फोन ओरडला, फुटला रे फुटला. आजूबाजूचे हसले. मी डोळे मिटून सरांचा खरा आवाज आठवायला गेलो, तर माझाच आला. पुन्हा गेलो, पुन्हा माझाच. मग त्यांच्यासारखं बारीक खोकून पाहिलं, दोनदा, तीनदा.

शेजारच्या काकांनी पाण्याची बाटली पुढं केली.