हाडातून आलेली पोरं

आईच्या अंगात रक्त कमी, म्हणून केजच्या लॅबमध्ये आमचं येणंजाणं असतं. तिथला माणूस रक्त लावलेली काच उदबत्ती विझवावी तशी हवेत हलवून वाळवतो आणि बघताना पेशींशीच पुटपुटत बसतो. आईला तो खपत नसे. "समदं रक्त ह्योच काढून घेतो, मग अंगात ऱ्हाईल कसं?"

रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या तपासणीला तो एकदम गप्प झाला. मी घाबरलो. त्यानं आईला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"मावशी, ह्या निळसर ठिपक्यांच्या पेशी नव्या हायत. तुमच्या हाडातून आत्ताच भाईर पडलेली पोरं म्हणा."

आई बराच वेळ डोळा लावून होती.

पुढच्या खेपेला तिनं आपणहून हात पुढं केला. "घे बाबा. पोरं किती वाढली, बघू दे."